थर तिसरा: तपकिरी मफलर

काकूंना हवं होतं मिक्सरचं लहान झाकण. "कपाटात खाली कुठेतरी असेल, बघा," एवढं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. गाडल्या गेलेल्या वस्त्या जन्मभर खणून काढणाऱ्या माणसाला असं मोघम सांगू नये. सगळी गल्ली ज्यांना खणूकाका म्हणते, ते खुरपी आणि ब्रश घेऊन कपाटापुढे मांडी घालून बसले.

थर पहिला. प्लास्टिकच्या पिशव्या, काल-परवाच्या.

थर दुसरा. मुलीची दुपटी. मुलगी आता नोकरी करते.

थर तिसरा. मफलर. तपकिरी. पुरुषाचा.

थर चौथा. लग्नात आलेल्या घड्याळाचं खोकं.

ब्रश हवेतच थांबला. खालचं जुनं, वरचं नवं, हा काकांच्या धंद्यातला पहिला धडा. म्हणजे मफलर लग्नानंतरचा आणि मुलीच्या आधीचा. त्या काळात काका बहुतेक वर्षभर माळरानावर, तंबूत. मग इथे गळ्याला मफलर गुंडाळून कोण येत होतं?

"हा कोणाचा गं?"

काकूंनी दारातून पाहिलं. "तुम्हीच ओळखा की. तुम्हाला तर हाडांवरून माणसं कळतात."

"विषय बदलू नकोस."

"झाकण सापडलं?"

उत्तर टाळलं. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

समोर दातांचे डॉक्टर राहत. तेव्हाही समोरच राहत, आणि बारा महिने घरी असत. थंडी असो नसो, त्यांच्या गळ्याला काहीतरी असायचंच. पण नुसता संशय म्हणजे शास्त्र नव्हे, नमुना ताडून पाहायला हवा. काकांनी डॉक्टरांना चहाला बोलावलं.

"डॉक्टर, हा जरा घालून बघता?"

डॉक्टरांनी दोन वेढे दिले. मफलर असा बसला, जसा काही माप घेऊनच विणलाय. काकांना चहा कडू लागला.

"झकास आहे हो," डॉक्टर म्हणाले. "फक्त या टोकाला गाठीत काहीतरी टोचतंय."

त्यांनी गाठ सोडली. बशीत टणकन एक खापराचा तुकडा पडला. त्यावर काळ्या शाईत बारीक अक्षरं: खड्ड्याचा क्रमांक, थराचा क्रमांक. अक्षर काकांनी लगेच ओळखलं. त्यांचं स्वतःचंच होतं.

"लग्नानंतर पहिल्यांदा खोदकामाला निघालात, तेव्हा विणून दिला होता," काकू कप उचलत म्हणाल्या. "परत आलात तर त्यात हे बांधलेलं. गळ्याला एकदा तरी लावला होतात की नाही, देव जाणे. वर म्हणालात, 'नीट ठेव, फार नाजूक आहे.' मला वाटलं, मफलरबद्दल म्हणताय."

काकांचं अर्धंच लक्ष होतं. ते ब्रशने खापर साफ करत होते. "अगं, किती शोधलं मी हे. काठावरची नक्षी बघ."

काकूंनी नक्षी पाहिली नाही. तो डोळे बारीक करून खापराकडे बघणारा चेहरा तेवढा पाहिला, आणि डॉक्टरांकडे वळल्या.

"भाऊजी, राहू दे तुम्हालाच. शोभतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खिडकीत उभे होते. समोरून डॉक्टर फिरायला निघाले. लख्ख ऊन होतं, तरी गळ्यात मफलर. त्यांनी खुशीत हात केला. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही हात केला. आज थर उकरायची गरज नव्हती. सगळं डोळ्यांसमोर, उघड्यावर पडलं होतं.

काकांनी हातातलं खापर खिशात टाकलं.

"काय गं, एका मफलरला लोकर किती लागते?"

"आधी झाकण शोधा," काकू म्हणाल्या.