वॉर्ड पाचच्या अर्जाची आणि जिलबीच्या साक्षीची बखर

श्रीगजानन, ग्रामदेवी, आणि मतदारयादीत ज्यांची नावे राहून गेली ते सकळ जन, यांस दंडवत घालोन लिहिण्यास आरंभ केला ऐसा जे, शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, कार्तिक मासी, त्या नगरीत कौन्सिलाची निवडणूक उभी राहिली. संवत्सराचे नाव ऐकोनच सावध व्हावे, परंतु कोणी जाहले नाही. वरच्या सरकारातून नियमांची यादी आली, ती कचेरीच्या भिंतीस डकविली. त्यात वय एकवीस पुरे असावे, घरी शौचकूप असावा, आणि ठरल्या तारखेनंतर तिसरे अपत्य जाहले असल्यास त्या असामीस उभे राहता येणार नाही, ऐसे साफ लिहिले होते.

ते समयी पाचव्या वॉर्डात हणमंतराव शेवाळे, पिठाच्या गिरणीचे धनी, वॉर्डातले उघडे गटार झाकावे म्हणोन पंधरा वर्षे अर्ज करून दमले होते. त्यांची मातोश्री त्याच गटारात पाय घसरोन पडली आणि पुन्हा चालली नाही, तेव्हापासून त्यांणी पण केला की आपणच कौन्सिलात बसावे आणि ते झाकावे. लोकही म्हणत, "या खेपेला तुम्हीच." सर्व सिद्धता जाहली, आणि मग यादीतले तिसरे कलम वाचले, आणि उभयता पतिपत्नी ओट्यावर बसोनच राहिली. कारण की, दोन पुत्रांवर नवस बोलोन कन्या मागितली होती, ती जाहली, तनुजा नाम, आता वय वर्षे सहा, आणि तिच्या जन्माची जिलबी रावांनी अवघ्या वॉर्डास घरोघर पाठविली होती, दोन दिवस कढई उतरली नव्हती. मग मसलत जाहली. रावांची वडील बहीण सुमनताई शेजारगावी नांदत होती, पोटी संतान नाही, तीस बोलाविले आणि ठरले की लोकांसमोर तनुजा ताईची म्हणावी. पत्नी मंगलबाई म्हणाल्या, "अहो, पोरगी काय पाटावरवंटा आहे, शेजारी नेऊन द्यायला?" राव म्हणाले, "एका दिवसाचा प्रश्न आहे. आईला आठव." वास्तविक कौन्सिलाची मुदत पाच वर्षांची होती. परंतु सासूला अंथरुणावर चार वर्षे मंगलबाईंनीच सांभाळले होते, त्या कबूल जाहल्या. मग आठ दिवस तालीम चालली, ताईस आई म्हणावे, बापास मामा म्हणावे, आणि मुलगी हुशार, दोन दिवसांत चुकेनाशी जाहली, तेव्हा ताई मोरीत जाऊन तोंड धुती जाहली.

छाननीचे दिवशी शाळेच्या हॉलात सरकारी अंमलदार बसले. समोरचे उमेदवार बाबूशेट कोरगावकर, कापडाचे दुकानदार, उठोन हरकत घेते जाहले. "साहेब, यांना तीन मुलं आहेत. धाकटीची जिलबी मी स्वतः खाल्लीय. दोनदा मागवली." अंमलदार म्हणाले, "जिलबी हा पुरावा होत नाही. कागद आहे?" "कागद नाही. पण भाचीसाठी एवढी जिलबी कोण वाटतं?" हणमंतराव न डगमगता बोलिले, "मामाला हौस असू नये काय, शेट?" हॉल हसला. वॉर्डातली चाळीस माणसे बसली होती, चाळिसांनी ती जिलबी खाल्ली होती, आणि एकानेही तोंड उघडले नाही, इतका त्यांस गटाराचा उबग. मग अंमलदारांनी मुलीस पुढे बोलावून पुसिले, "बाळ, हे तुझे कोण?" "मामा." "आणि ह्या?" "आई." ऐसे चोख बोलिली की बाबूशेटही घोटाळ्यात पडले. मंगलबाई मागल्या बाकावर पदर मुठीत धरोन होत्या, मुलीने तिकडे पाहिलेही नाही, कारण पाहू नये ऐसे शिकविले होते.

अंमलदारांनी हरकत फेटाळली म्हणोन लिहावयास लेखणी उचलली, आणि इतक्यात मुलीची रिबीन सुटली. रोज सकाळी गिरणी सुरू करण्याआधी तिची वेणी हणमंतरावच घालीत, आईच्या हातची फणी तिला ओढे. सवयीने ती त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, बांधा ना." रावांनी रिबीन हाती घेतली. हळू म्हणाले, "तनू, बाबा म्हण." मुलगी मान न वळविता म्हणाली, "नाही. गटार राहील."

मग रावांनी रिबीन बांधली, फूल नीट काढले, आणि उभे राहोन म्हणाले, "साहेब, लिहू नका. ही माझी आहे. तिसरी." अंमलदार म्हणाले, "शपथपत्रात दोनच आहेत." "ते खोटं लिहिलं." हे काय आक्रीत जाहले ते कोणास उमजेना. अर्ज टिकावा म्हणोन खोटे बोलणारे त्या नगरीने पुष्कळ पाहिले, टिकलेला अर्ज खरे बोलोन घालविणारा कोणी पाहिला नव्हता. अंमलदारांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा लाविला. बाबूशेट हरकत जिंकले आणि खाली बसले. सुमनताईंनी मुलीचा हात धरोन तीस मागल्या बाकावर नेले, मंगलबाईंच्या मांडीवर बसविले, आणि मग एकट्याच बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मागून कोणी पुटपुटले, "अहो, पण आता आमच्या गटाराचं काय?"

येणेप्रमाणे अर्ज बाद जाहला, खटलाही उभा राहिला, आणि वॉर्ड पाच बाबूशेटांकडे बिनविरोध गेला. गटार झाकले, परंतु बाबूशेटांच्या दुकानापावेतो, पुढे उघडेच आहे. तनुजा रागावली म्हणजे अद्याप बापास मामा म्हणते, आणि ती बाबा म्हणेपर्यंत गिरणी बंद राहते. वॉर्डातील लोक डबे घेऊन बाहेर उभे असतात, कोणी घाई करीत नाही.