दाराजवळ उभे असलेले चार हजार तीनशे बारा

हेबलथॉर्प नगरपालिकेच्या परवाना विभागाच्या दप्तरी अशी नोंद आहे की, 'ब्लाइंड फेरेट' या पबच्या मागच्या खोलीत एका वेळी जास्तीत जास्त साठ माणसं उभी राहू शकतात. ३ फेब्रुवारी २००४, मंगळवार, या दिवशी संध्याकाळी त्या खोलीत अकरा माणसं होती. म्हणजे नियमाचा भंग झालेला नव्हता. पुढे जो काही घोळ झाला, तो सगळा या एका गोष्टीमुळे.

अकरा हा आकडा पक्का आहे, कारण तो डंकन ऑल्डरॉइडने मोजला होता. डंकन 'द वेट बेंचेस' या नव्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. ड्रमवाला सगळ्यात मागे बसतो, आणि त्या दिवशी पुढे बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. गाणाऱ्या टोबीचे आईवडील, पब चालवणारी डंकनची ब्रेंडामावशी, गिटारवाल्या फिओनाच्या दोघी मामेबहिणी, हीटर मागच्या खोलीत आहे म्हणून आत आलेलं एक म्हातारं जोडपं, आणि डार्ट्स खेळणारे तिघे. डार्ट्सचा बोर्ड त्याच खोलीत होता आणि मंगळवार त्यांचा होता. त्यांनी हलायला साफ नकार दिला, त्यामुळे टोबी सगळी गाणी डोकं वाचवत, डाव्या कोपऱ्यातून म्हणाला.

अकरावा माणूस लंडनच्या एका संगीत साप्ताहिकाचा वार्ताहर होता. त्याला लीड्सला एका मोठ्या बँडच्या कार्यक्रमाला पाठवलं होतं. वाटेत हेबलथॉर्पला त्याची पुढची गाडी चुकली, आणि सकाळी काहीतरी लिहून देणं भाग होतं. त्याने तीन ओळी लिहिल्या. शेवटची ओळ अशी होती: 'त्या मंगळवारी जे तिथे होते, ते भाग्यवान.'

झालं. उन्हाळ्यापर्यंत पहिली रेकॉर्ड निघाली. रेडिओवर वेट बेंचेस, विद्यार्थ्यांच्या टी-शर्टवर वेट बेंचेस. बँडकडे पाच गाणी होती आणि त्यातलं एक दोनदा वाजवावं लागायचं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे त्या मंगळवाराबद्दल बोलत होते.

डंकनला पहिला माणूस भेटला तो दाताचा डॉक्टर. "मी होतो बरं का तिथे," डॉक्टर डंकनची दाढ कोरता कोरता म्हणाला. "दाराजवळ उभा होतो." डंकनच्या तोंडात दोन हत्यारं आणि डॉक्टरांची तीन बोटं होती. त्याने नुसतं "आं" म्हटलं. डॉक्टरांनी तो होकार धरला.

मग न्हावी दाराजवळ होता. चर्चचे पाद्री दाराजवळ होते. डंकन पूर्वी ज्या गालिचांच्या दुकानात कामाला होता तिथला मालक तर दाराजवळ इतका पुढे उभा होता की त्याला घाम फुटला होता. याच मालकाने त्या मंगळवारी डंकनला अर्ध्या तासाची सुट्टी नाकारली होती. डंकनने कुणालाच खोटं पाडलं नाही. लोक इतक्या प्रेमाने थापा मारत होते की त्याला त्यांचं कौतुकच वाटायचं.

वर्ष झालं तेव्हा गावच्या वर्तमानपत्राने आवाहन केलं: 'तुम्ही होता का तिथे? आम्हाला लिहा.' चार हजार तीनशे बारा पत्रं आली. वर्तमानपत्राने आकडा पहिल्या पानावर छापला आणि तो नगरपालिकेच्या परवाना अधिकाऱ्यांनी, म्हणजे नटॉलसाहेबांनी वाचला.

नटॉलसाहेब चोख माणूस. त्यांची नोटीस सोमवारी आली. ब्रेंडामावशीने ती काउंटरवर पसरली आणि डंकनला बोलावून घेतलं.

"वाच मेल्या, काय लिहिलंय ते."

डंकनने वाचलं. मंजूर क्षमतेपेक्षा चार हजार दोनशे बावन्न माणसं जास्त. दर चौरस मीटरला नव्वद माणसं, सबब गुदमरण्याचा गंभीर धोका. एवढ्या लोकांमागे शौचालय एक. आणि सर्वच्या सर्व व्यक्ती स्वतःच्या लेखी कबुलीनुसार दाराजवळ उभ्या असल्याने आपत्कालीन मार्गात अडथळा. परवाना कायमचा रद्द का करू नये, याचा खुलासा करावा.

"सव्वीस वर्षं चालवतेय मी हा पब," मावशी म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "तुझ्या त्या बडवण्यासाठी मी खोली दिली. आता मी कुठे जाऊ रे?"

डंकनने नोटीस घडी घालून खिशात टाकली. लहानपणी शाळा सुटली की तो याच काउंटरमागे बसून मावशीच्या हातचे चिप्स खायचा.

त्याने टोबीला गाठलं. "सरळ सांगून टाकू. अकरा माणसं होती."

"डोकं फिरलंय का तुझं?" टोबी किंचाळला. "जूनमध्ये दुसरी रेकॉर्ड येतेय! लोकांना वाटतं, ते स्वतः तिथे होते, म्हणून ते आपली रेकॉर्ड विकत घेतात. तू त्या सगळ्यांना घरी पाठवायला निघालास?"

"ते घरीच होते, टोबी."

"म्हणून काय तोंडावर सांगायचं?"

एप्रिलमध्ये सुनावणी झाली. साक्षीदारांची रांग टाउन हॉलला वळसा घालून ग्रंथालयापर्यंत गेली. पुस्तकं परत करायला आलेले चाळीसेक जण त्या रांगेत सापडले. दुपारपर्यंत तेही तिथे होते असं निघालं. प्रत्येक साक्षीदार शपथेवर एकच सांगत होता: मी होतो, बाकीचे नव्हते. आपल्यापायी पब बंद पडणार, याचं प्रत्येकाला वाईट वाटत होतं. पत्र मागे घ्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. डार्ट्सवाल्या तिघांपैकी एकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "होतो की. कुणीतरी आवाज करत होतं. सामना हरलो आम्ही."

डंकनने अकरा नावं वाचून दाखवली. सभागृहात 'शी, शी' झालं. नटॉलसाहेबांनी चष्मा पुसला. "मिस्टर ऑल्डरॉइड, एका बाजूला चार हजार तीनशे बारा लेखी जबाब आहेत, दुसऱ्या बाजूला तुम्ही. प्रशासन भावनेवर चालत नाही."

मग चहाची सुट्टी झाली. डंकन खिडकीशी कप धरून उभा होता. परवाना गेल्यातच जमा होता. मावशी समोरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. नटॉलसाहेब हळूच त्याच्या शेजारी आले, बिस्कीट चहात बुडवलं आणि इकडेतिकडे बघून कुजबुजले,

"खाजगीत सांगतो हं. त्या मंगळवारी मीसुद्धा होतो."

डंकनने कप खाली ठेवला. "दाराजवळ?"

"दाराजवळच! तुम्हाला आठवतंय?" साहेबांचा चेहरा उजळला.

"मग साहेब, तुमच्या डोळ्यांदेखत चार हजार माणसं आत शिरली आणि तुम्ही, परवाना अधिकारी, गप्प उभे राहिलात?"

बिस्किटाचा ओला तुकडा तुटून चहात पडला. नटॉलसाहेब तो चमच्याने शोधू लागले. 'मी नव्हतो' एवढं म्हटलं असतं तरी सुटका होती. ते काही त्यांच्या तोंडून निघेना.

"किती माणसं होती, साहेब?" डंकनने अगदी मऊ आवाजात विचारलं.

"अकरा," नटॉलसाहेब म्हणाले. "मला धरून."

तसंच टिपण झालं. परवाना शाबूत राहिला. ब्रेंडामावशीने भर सभागृहात डंकनचा मुका घेतला आणि तो लाजून लाल झाला. त्याच्या यादीतली टोबीची आई मात्र नटॉलसाहेबांना जागा करून देण्यासाठी अधिकृतपणे वगळण्यात आली.

नगरपालिकेने अकरा जणांची यादी टाउन हॉलच्या दारावर लावली, आणि उरलेले चार हजार लोक खोटे ठरले. त्यांनी नगरपालिकेला माफ केलं, पण बँडला नाही. "पोरं शेफारलीत," दाताचा डॉक्टर म्हणाला. "जुन्या माणसांना विसरली." दुसरी रेकॉर्ड आली. ती पहिलीपेक्षा बरीच चांगली होती, पण ते टोबीच्या आईखेरीज कुणाला कळलं नाही.

६ डिसेंबर २००५ ला बँडने 'ब्लाइंड फेरेट'च्या मागच्या खोलीत शेवटचं वाजवलं. तोही मंगळवार होता आणि डार्ट्सवाले हलले नाहीत. डंकनने ड्रममागून मोजलं, पुन्हा अकरा. टोबी डाव्या कोपऱ्यातून असा काही गायला की डार्ट्सवाल्यांपैकी एकाने चक्क वळून पाहिलं. डंकनला वाटलं, आपल्या आयुष्यातली सगळ्यात झकास संध्याकाळ हीच. बुधवारी तो गालिचांच्या दुकानात परत रुजू झाला.

आता त्या शेवटच्या कार्यक्रमाला हजर असलेल्यांची संख्या सहा हजारांवर गेली आहे. डंकन सगळ्यांना हो म्हणतो.

येत्या मंगळवारी तुमच्याही गावात कुठल्याशा मागच्या खोलीत चार पोरं पाच गाणी वाजवणार आहेत. तिथे साठ जणांची परवानगी आहे, आणि तुम्हाला काम आहे. हरकत नाही. फक्त पुढे कधी सांगायची वेळ आली, तर दाराजवळ उभा होतो असं सांगू नका. तिथे नटॉलसाहेब उभे आहेत.