साळिंदराची ओली फळी

एका जंगलात, मुलांनो, झाडं इतकी दाट होती की भर दुपारीसुद्धा शेजारी काय करतोय ते नीट दिसत नसे. केवढी गैरसोय! पण जंगल संपलं की लगेच समुद्र होता. तिथे मात्र सगळं लख्ख दिसे.

त्या जंगलात भिवा नावाचं साळिंदर राहायचं. स्वभावाने अगदी गरीब, पण अंगभर काटे. त्यामुळे त्याच्या शेजारी कुणी बसत नसे. लग्नाच्या पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहत. वाढपीसुद्धा लांबूनच आमटी ओती.

एकदा भिवाने किनाऱ्यावर पाहिलं. पाहुणी माणसं फळीवर उभी राहून लाटेवरून घसरत येत होती. एका फळीवर एकच माणूस.

"इथे एकटं असलं तरी वाईट दिसत नाही," भिवा म्हणाला.

मग त्याने घरीच फळी करायला घेतली. वाहून आलेला फोमचा ठोकळा कुरतडून छान आकार दिला. त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरलं. वर रेझिन फासलं. रेझिन म्हणजे मधासारखं चिकट, पण चाटायचं नाही हं. ते विकणारा खेकडा म्हणाला होता, "नुसतं उन्हात ठेव. बघता बघता दगड होईल."

पण भिवाच्या अंगणात ऊन कुठलं? किनाऱ्यावर न्यावी तर ओल्या फळीला वाळू चिकटणार. जंगलात उन्हाची जागा एकच, आणि तिथे रानकोंबडीकाकूंच्या कुरडया पसरलेल्या. अमावास्येला मोठी भरती होती. त्यानंतर पावसाळाभर समुद्र बंद. तोवर फळी कडक झाली नाही, तर हे वर्ष गेलंच.

भिवा फळीपाशी बसून राहिला. रेझिनचा वास मात्र बसून राहिला नाही. तो कुंपणापलीकडे गेला.

"भिवा, कसला रे हा वास?" रानकोंबडीकाकू आल्याच. लोक काकूंना उगाच चौकस म्हणतात. शेजारून वास यावा आणि आपण विचारूही नये, याला काय शेजार म्हणायचं?

"फळी वाळत नाहीये, काकू."

"वाळत नाही? मी असताना?" काकूंनी पंख खोचले. आख्ख्या जंगलाचे पापड त्यांच्या नजरेखाली वाळत. "आधी त्यावर जुनं पातळ घाल. माश्या बसतील."

पातळ घातलं. होता नव्हता तो उजेड गेला, आणि पातळ चिकटलं.

"आता दुसऱ्या बाजूवर पालथी घाल."

पालथी घातली. खालचा पाचोळा चिकटला.

"काकू, हे वाळवण नाही हो. याला ऊनच लागतं."

"मग आमच्या कुरडयांना काय चांदणं लागतं?"

इतक्यात वानरतात्या उतरले. "ऊब कमी पडतेय. खाली शेकोटी करा." शेकोटी केली. फळीला काजळी धरली, रेझिन तसंच चिकट. मग ससे आले, मुंगूस आलं, हरणं आली. प्रत्येकाने एकेक बोट लावून पाहिलं. "ओलंच आहे की!" फळीवर सगळ्या जंगलाचे ठसे उमटले.

सकाळ-संध्याकाळ अंगण भरू लागलं. कुणीतरी चहा टाकला. काकू कुरडईचा चीक घेऊन आल्या आणि बोलता बोलता भिवाला अगदी खेटून बसल्या. त्यांच्या लक्षातही आलं नाही. भिवाच्या आलं. त्याने सगळे काटे अंगाशी चापून धरले आणि श्वास रोखून चीक खाल्ला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी कोल्हीणवहिनी आल्या. त्यांचं वडाखाली ब्यूटी पार्लर होतं.

"अगं बाई, एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे नखं रंगवल्यावर ज्या निळ्या दिव्याखाली पंजा धरतात ना, तो आणते. उन्हात जे आपल्याला रापवतं, तेच त्या दिव्यात असतं. पॉलिश टणक होतं, मग हे का नाही होणार?"

"नखांचा दिवा? फळीला?" काकूंनी नाक मुरडलं. "आणि आमचं पातळ?"

"ते आधी सोलून काढा!"

पातळ सोललं, पाचोळा वेचला, काजळी पुसली, रेझिनचा नवा हात दिला. दिवा एवढासा, फळी एवढी लांब. पंजा पंजा जागा दिव्याखाली घेत, पुढे सरकवत, संध्याकाळी सगळे फळीच्या शेपटापर्यंत पोचले. वानरतात्यांनी टिचकी मारली. टक्क!

"झालं?" काकू म्हणाल्या.

"झालं."

"म्हणजे आता काही करायचं उरलं नाही?"

"नाही."

"बरं." सगळ्यांनी कप उचलले आणि घरी गेले. वहिनींनी दिवा भिवाला देऊन टाकला. त्यांनी मोठा मागवला होता.

अमावास्येला लाटा घरांएवढ्या आल्या. भिवा पडला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. शेवटी उभा राहिला! लाट त्याला सुर्रकन किनाऱ्यावर घेऊन आली. त्याने वळून पाहिलं. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. काकू कुरडया डब्यात भरत होत्या.

भिवा घरी आला. अंगण रिकामं होतं. त्याने फळी भिंतीला टेकवली. थोडा वेळ तो तिच्याकडे बघत बसला.

मग त्याने निळा दिवा बिळात अगदी आत खुपसला. वर गवत टाकलं. फोमचा दुसरा ठोकळा काढला, भराभर कुरतडला, कापड अंथरलं, रेझिन फासलं आणि कुंपणापाशी जाऊन हाक मारली.

"काकू, अहो काकू! हे वाळतच नाहीये हो!"

"मला वाटलंच होतं!" काकू पातळ घेऊन धावत आल्या.

तात्पर्य : मुलांनो, उपाय सापडला की तो आधी नीट लपवून ठेवावा, मगच शेजाऱ्यांना सल्ला विचारावा. आणि जुनं पातळ मागितलं तर काकू नाही म्हणत नाहीत. फक्त चहा आपण ठेवावा.