बैठकीतलं भूजल

सकाळी विहीरकाका अनवाणी बैठकीत आले आणि त्यांचा डावा पाय ओला झाला. दुसऱ्या कुणाचा झाला असता, तर त्याने फडकं मागितलं असतं. काका मटकन खाली बसले, फरशीला कान लावला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगं ए, भूजल! आपल्या बैठकीत भूजल वर आलंय!”

भूजल खात्यात उभा जन्म विहिरींची पातळी मोजण्यात गेल्यामुळे सगळे त्यांना विहीरकाका म्हणत. त्याच संध्याकाळी वाचनालयात जाहीर वाद होता. सरकारी पैसा आकाशात घालावा की जमिनीत? उपग्रहाला वरूनच पाणी मोजता येतं, तर काकांचं निरीक्षण केंद्र हवंच कशाला, असा प्रश्न निघाला होता. लोकप्रतिनिधी सभेचा कौल बघून तिथल्या तिथे शिफारस करणार होते. निवृत्ती तोंडावर आलेली असल्यामुळे काकांना नोकरीची काळजी नव्हती. पण आपल्यामागे विहिरींना कोण विचारणार, ही काळजी मात्र होती.

त्यात आकाशाच्या बाजूने बोलणार होता त्यांचा सख्खा जावई. तो अंतराळ खात्यात होता आणि वरच्या मजल्यावर राहत होता. जावई डोक्यावर बसतात म्हणतात, हा तर लेकीसकट बसला होता. उपग्रहाचं ताजं चित्र सभेत दाखवायचं म्हणून आदल्या संध्याकाळपासून तो गच्चीवर एक मोठी तबकडी ठोकत होता.

“जावईबापू, खाली या! तुमचा उपग्रह काय म्हणतो ते सांगा!”

जावयाने फोनवर नकाशा उघडला. “इथली जमीन कोरडी ठणठणीत आहे, बाबा.”

“आणि हा माझा पाय?”

“एक पाय उपग्रहाला दिसत नाही. त्याला निदान अख्खं शिवार लागतं.”

“अहो, प्लंबरला बोलवू का?” काकूंनी दारातून विचारलं.

“भूजलाला प्लंबर? उद्या भूकंप झाला तर सुताराला बोलावशील!”

काकांनी पहार आणली. एक फरशी उचकटली, मग शेजारची, मग तिची शेजारीण. सोफा स्वयंपाकघरात गेला, त्यामुळे जेवणाचं टेबल अंगणात गेलं. दुपारपर्यंत बैठकीत गुडघाभर खड्डा झाला. तेवढ्यात नळ फुस्स करून थांबला.

“अहो, टाकी रिकामी झाली वाटतं. सकाळीच तर भरली होती!”

“बघ! वरून पाणी नाही, तरी खाली पाणी आहे. म्हणजे ते जमिनीतूनच येतंय की नाही?”

तर्क बिनतोड होता. काकू पंप सुरू करून आल्या. थोड्या वेळाने खड्ड्यातलं पाणी सरसर चढलं. काकांनी टेप बुडवला. “चार बोटं! जिवंत झरा आहे, झरा!” काकूंनी पंप बंद केला तशी पातळी उतरली. “श्वास घेतोय,” काका हळवे होऊन म्हणाले. टाकी भरली का, हे बघायला मात्र कुणी गेलं नाही.

जावईही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्याने शांतपणे सांगितलं, “हे पाणी आकडेवारीत बसत नाही.” आणि तो तबकडीचा बोल्ट आवळायला परत वर गेला.

संध्याकाळी सभेत काका बोलायला उठले ते हातात पहार घेऊनच. “माझ्याकडे भाषण नाही, पुरावा आहे. तो माझ्या बैठकीत आहे. चला!”

लोक भाषण ऐकायला आले होते. खड्डा बघायला मिळतोय म्हटल्यावर ते दुप्पट उत्साहाने निघाले. वाटेत आणखी दहा-पंधरा जण सामील झाले. चपला-बुटांसकट सगळा समाज घरात घुसलेला पाहून काकूंनी कपाळाला हात लावला. पण दारी आलेल्यांना चहा तर हवा. नळ पुन्हा कोरडा. काकू पंपाचं बटण दाबून आल्या.

खड्ड्यात पाणी उसळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकप्रतिनिधी दोन पावलं मागे सरकले. “दिसलं का तुमच्या उपग्रहाला?” काका गरजले. जावयाचा चेहरा उतरला. काका जिंकल्यात जमा होते.

काकूंनी टाळ्या ऐकल्या आणि पंप बंद केला. पाणी उतरलं. त्यांनी परत बटण दाबलं. टाळ्या. बंद केलं. शांतता. मग त्या पदर खोचून गर्दीतून पुढे आल्या.

“अहो, तुमचा झरा मी मघापासून बटणावर चालवतेय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. “बघा, मी म्हणत होतो!” जावई उसळला. “उपग्रह कधी चुकत नाही!”

“तुम्ही आधी मला गच्चीवर घेऊन चला, जावईबापू,” काकू म्हणाल्या.

सगळी सभा गच्चीवर गेली. तबकडीचा बोल्ट टाकीत पाणी नेणाऱ्या पाइपातून आरपार गेला होता आणि तिथून पाणी भिंतीच्या पोटातून थेट बैठकीत उतरत होतं. आता कुणीच हसायचं थांबेना. काका मात्र कठड्याला टेकून उभे होते. आपल्याच पहारीने आपण केंद्र खणून पुरलं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

“मग काय ठरवायचं?” लोकप्रतिनिधींनी विचारलं. “आकाश की जमीन?”

सगळे काकूंकडे बघू लागले. “बाई म्हणतील तसं,” वाचनालयाच्या ग्रंथपालांनी ठरवूनच टाकलं.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. “हे रोज सायकल मारत लांबलांबच्या विहिरींवर जातात. तिथलं यांचं माप कधी चुकलेलं मला आठवत नाही. यांचं नि जावयाचं डोकं फिरतं ते एकमेकांना हरवायला निघाले की. केंद्र राहू द्या, उपग्रहही राहू द्या. फक्त दोघांना एका घरात ठेवू नका.”

लोकप्रतिनिधींनी तिथेच जाहीर केलं, केंद्र बंद होणार नाही. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी जावयाचा हात धरला आणि निर्धाराने म्हणाले, “चला. जेवायच्या आत खड्डा बुजवायचा.”

दोघे गुडघे टेकून माती लोटत असताना लोकप्रतिनिधी गच्चीवर जाताना काढलेल्या चपला शोधत बैठकीत आले. इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून ते म्हणाले, “काका, एक खाजगी काम होतं. आमच्याही घरी एका भिंतीला ओल आलीय.”

काका ताडकन उठले. हात विजारीला पुसले आणि पहार उचलली. “आत्ता निघू या! जमीन कुठल्या जातीची आहे? काळी की मुरमाड?”

“तसं नव्हे,” लोकप्रतिनिधी घाईघाईने म्हणाले. “तुम्ही दोघं इथंच थांबा. काकूंना जरा वेळ आहे का, तेवढं विचारा.”