उन्हातली पंगत

उज्जैनच्या नानाखेडा भागातल्या एका वसाहतीत मराठी मंडळाचं स्नेहभोजन दर वर्षी नाताळच्या सुट्टीत होतं, आणि त्यात आजवर कुणालाही अ‍ॅलर्जी नव्हती. म्हणजे दुर्गाच्या शर्वरीला होती. पण ती माणिकताईंना ठाऊक असल्यामुळे मंडळाला ठाऊक असण्याचं कारण पडलं नव्हतं.

शर्वरीला शेंगदाणे चालत नाहीत. चुकून पोटात गेले तर ओठ सुजतात, श्वास घरघरतो आणि दवाखाना गाठावा लागतो. माणिकताई, म्हणजे दुर्गाची आई, यावर एकच उपाय करायच्या. नातीपुरतं जेवण आधीच छोट्या पातेल्यात काढून ठेवायच्या, त्याच्या डावाला लाल दोरा बांधायच्या आणि पंगतीत स्वतः तिच्या शेजारी बसायच्या. या पद्धतीला नाव नव्हतं. पावसाळ्यात माणिकताई गेल्या, आणि पद्धतही गेली.

भोपाळहून येताना शर्वरीनं गाडीतच विचारलं होतं, "आजी नाही, तर मी पंगतीत बसायचं ना?"

"बसायचं," दुर्गा म्हणाली होती. तिला आईसारखं चटकन हो म्हणता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

ती मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब यांना भेटली. "काका, एक पातेलं आणि एक डाव वेगळा ठेवला तर बरं होईल."

"एक डाव?" भय्यासाहेब दुखावले. "बेटा, माणिकताईंच्या नातीचा सवाल आहे. तो काय एका डावावर सोडायचा? बाकायदा सिस्टिम लावू."

संध्याकाळपर्यंत अ‍ॅलर्जी व्यवस्थापन उपसमिती स्थापन झाली. निमंत्रक दिलीपराव, बँकेतून निवृत्त. दुर्गाला बैठकीला बोलावलं नाही, कारण जिचं प्रकरण विचाराधीन आहे तिनं बैठकीत बसणं नियमाला धरून नव्हतं.

समितीनं काम मनापासून केलं. अ‍ॅलर्जीग्रस्तांची पंगत वेगळी असावी, हे ओघानंच आलं. थंडीनं अ‍ॅलर्जी बळावते, म्हणून ही पंगत अंगणाच्या उन्हातल्या बाजूला. सर्वसाधारण पंगत कडुनिंबाच्या सावलीत. डाव उष्टावू नये म्हणून उन्हात आधी वाढायचं, गरम गरम. कोरडं अन्न घशाला लागतं, म्हणून बाफल्यांवर, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांवर, तूप दुप्पट. आणि माणिकताईंची आठवण म्हणून प्रत्येक अ‍ॅलर्जीग्रस्ताच्या मनगटाला लाल दोरा.

हा निर्णय मंडळाच्या ग्रुपवर पडला त्या आठवड्यात हाडं वाजवणारी थंडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वसाहतीत अ‍ॅलर्जी पसरू लागली.

"मला तर लहानपणापासून सावलीची आहे," रजनीकाकू म्हणाल्या. त्या मंडळाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. "अंगावर काढत आले म्हणून, वरना काय."

एकांना सतरंजीची होती. एकांना साडूची होती, आणि साडू सावलीत बसणार होते. ते कळताच साडूंनाही झाली. दुसऱ्याच्या दुखण्यावर शंका घेणं सुसंस्कृत माणसाला शोभत नाही, असं समितीचं धोरण असल्यामुळे कुणालाच नकार मिळाला नाही. उन्हात जागा पुरेना, तेव्हा ज्येष्ठता लावली. ज्यानं जास्त वर्षं सोसलं, तो आधी.

"शर्वरीला किती वर्षं झाली?" दिलीपरावांनी दुर्गाला विचारलं.

"ती आठ वर्षांचीच आहे."

"अब देखो. रजनीकाकू साठ वर्षं सोसतायत. पण घाबरू नको, शर्वरी प्रतीक्षेत पहिली आहे. तोपर्यंत सर्वसाधारण पंगतीत बसेल ती."

भोजनाच्या दिवशी झाडून सगळं मंडळ लाल दोरे बांधून उन्हात बसलं. सावलीतल्या लांबलचक सतरंजीवर एकटी शर्वरी होती. "आई, पंगत कुठंय?" तिनं विचारलं.

दुर्गा स्वयंपाकघरात गेली. "काकू, यातलं कशात दाणे नाहीत?"

"एक दाणा नाही. महाकालाची शपथ. दाण्यांचा डबा मी स्वतः कुलपात टाकला."

"मग या कोशिंबिरीत काय आहे?"

"तो कूट."

"कूट दाण्यांचाच ना, काकू?"

"अगं, दाणे वेगळे, कूट वेगळा," रजनीकाकू समजुतीनं म्हणाल्या. "कुटाशिवाय कोशिंबीर लागेल कशी? वांग्यातही तोच आहे. भाजीतही. तू काय खाते तिकडे भोपाळला?"

प्रतीक्षेत राहिल्यामुळे अजून पानात काही पडलं नाही आणि आपली मुलगी वाचली, हे ध्यानात येऊन दुर्गाला हसू फुटलं. आई असती तर पदर तोंडावर धरून हसली असती. मग तिनं हात धुतले, छोटं पातेलं घासलं, निव्वळ वरणाच्या पातेल्यातून, कुणाचा डाव पडायच्या आत, वरण काढलं आणि विस्तवावरून थेट बाफले उचलले. राहिला डाव. दोरा मागितला, तर दोरे संपले होते. सगळे मनगटांवर गेले होते.

ती धुतलेला डाव हातात धरून सावलीत शर्वरीपाशी येऊन नुसतीच उभी राहिली. भय्यासाहेबांनी उन्हातून ते पाहिलं. थोडा वेळ त्यांनी पानाकडं पाहिलं. मग ते गुडघे धरत उठले, सावलीत आले आणि दातांनी मनगटावरचा दोरा सोडला.

"घे, बांध. मला तशी काही नाही गं. थंडीनं गुडघे दुखतात, बस."

"काका, तुमची जागा जाईल."

"गेली," मागं न बघता ते म्हणाले, आणि शर्वरीच्या शेजारी बसले. "सरक थोडी, बेटा. आजी कुठल्या बाजूला बसायची?"

"इकडे. आणि ती मला तिचा बाफला द्यायची."

"ही कुठली सिस्टिम?" असं म्हणत त्यांनी बाफला पुढं केला, तोही दुर्गानं लाल दोऱ्याच्या पातेल्यातूनच वाढलेला होता. पंगत दोघांची होती, पण पंगत होती.

उन्हातल्या मंडळींचा तुम्हांला राग आला असेल. यायलाच हवा. फक्त भय्यासाहेब उठले तेव्हा थंडी बरीच होती, त्यांच्या पानावर तूप दुप्पट होतं, आणि ती जागा क्षणभरही रिकामी राहिली नाही. तिथं कोण जाऊन बसलं, ते सांगायचं राहून गेलं. जरा आपलं मनगट बघा.