दाबून पाहण्याचा ठराव

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीने ठराव केला की पंधरा वर्षांवरील गाड्यांचे पुढचे सस्पेन्शन तपासावे. नापास गाडीला आवारात जागा नाही. अशी गाडी एकच होती, रंगरावांची. ती लिफ्टजवळ उभी असे, कारण त्यांच्या पत्नी सोजरबाई यांचे गुडघे तेवढेच अंतर चालत.

अध्यक्ष शरच्चंद्र यांनी इंटरनेटवरून पद्धत उतरवून घेतली. बॉनेट जोरात दाबून सोडायचे. गाडी एकदा उसळून थांबली तर पास, हेलकावत राहिली तर नापास.

रविवारी चिटणीस हेमाताईंनी दाबले. गाडी एकदा उसळली आणि थांबली.

"झाली पास," रंगराव म्हणाले.

"निकाल आपण जाहीर करू नका," अध्यक्ष म्हणाले. "हेमाताई, आपलं वजन?"

"विचारून तर बघा."

दाबणाऱ्याच्या वजनाची नोंद नसल्याने चाचणी रद्द झाली.

पुढच्या रविवारी सत्त्याण्णव किलोंचे सभासद राकेश यांनी दाबले. निकाल तोच आला. दोन्ही निकाल सारखे आल्यामुळे संगनमताचा संशय उत्पन्न झाला व उपसमिती नेमावी लागली. उपसमितीने ठरवले, सर्व ऐंशी सभासदांनी रोज तीनदा दाबावे, सही करावी. महिनाअखेर सरासरी काढू. लोक दूध आणताना दाबू लागले, कुत्रा फिरवताना दाबू लागले. वरच्या मजल्यावरच्या पियुषने तर जिम सोडली.

महिनाअखेर गाडी होडीसारखी डुलू लागली. रंगरावांनी बिबवेवाडीहून दादामियाँ मेकॅनिकना आणले. त्यांनी जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवले, खाली वाकून पाहिले.

"बॉल जॉइंट ठीक, बुश ठीक. शॉकअप तेवढे गेलेत. साहेब, पुण्यातले खड्डे पचवले हो हिनं. सोसायटी नाही पचली."

"गेलेत ना?" अध्यक्ष प्रसन्न झाले. "आमची शंका पहिल्या दिवसापासून रास्त होती."

"नवे टाकतो की! दोन तासांचं काम," दादामियाँ म्हणाले.

"ठरावात तपासणी आहे. दुरुस्ती नाही."

सोजरबाई लिफ्टच्या दारातून म्हणाल्या, "अहो अध्यक्ष, माझे गुडघेही दाबून बघा. एकदा तरी उसळले, तर गाडी खुशाल बाहेर काढा."

सूचना पुढील सभेसाठी राखून ठेवण्यात आली. रिकामी होणारी जागा अध्यक्षांच्या नव्या गाडीला द्यावी, असा ठराव मात्र त्याच संध्याकाळच्या सभेत आला आणि एकमताने मंजूर झाला.

एकमतात मीही होतो. खरे सांगतो, ठराव ऐकलाच नव्हता. बटाटेवडे थंड होत होते. हसताय? तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत तुम्ही हात कशासाठी वर केला होता, तेवढे सांगा.