एका चपलेचा तपास

माणूस दारातून आत आला, की तो काय खाऊन आला आणि बायकोशी भांडून आला का, हे मी चहा येईपर्यंत सांगू शकतो! बढाई नाही मारत. लंडनच्या त्या जुन्या, जगप्रसिद्ध गुप्तहेरावर हल्ली निघालेल्या सगळ्या मालिका मी पाहिल्यात. एकीत तो घोडागाडी सोडून टॅक्सीने फिरतो. दुसरीत तर थेट अमेरिकेत बिऱ्हाड हलवतो! आणि त्याने कुणाकडे नुसतं बघितलं, की हवेत अक्षरं उमटतात. 'कुत्रा पाळतो.' 'काल झोपला नाही.' 'खोटं बोलतो.'

माझ्या बायकोला, उर्मिलाला, हे नवे अवतार बिलकूल पसंत नाहीत. तिला घोडागाडीवाली जुनी मालिकाच आवडते.

"जुना बिचारा आधी चार प्रश्न विचारायचा, समोरच्याला बोलू द्यायचा. तुमचा नवा नुसता बोलत सुटतो!"

"अगं, स्पीड आहे त्याला!"

"मिक्सरलापण आहे. झाकण नीट लावलं नाही तर चटणी भिंतीवर."

कलेची कदर नाही, दुसरं काय! सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी कितीतरी गोष्टी हुडकल्यात. जितेशभाईंकडे पाहुणे आलेत हे मी त्यांच्या दारातल्या दुधाच्या पिशव्यांवरून ओळखलं. पाहुणे नव्हते, खीर होती. पण दूध जास्त होतं हे तर खरं ना?

तर त्या रविवारी आमच्या क्षितिजाला बघायला नीरजकडची माणसं यायची होती. बघायला म्हणजे नावाला. दोघं एकाच ऑफिसात आहेत, सगळं त्यांचं ठरलेलं. फक्त नीरजच्या वडिलांचा होकार अडला होता. माणूस जरा कडक, असं ऐकून होतो. सकाळीच पोरीने माझा हात धरला.

"बाबा, प्लीज! आज काहीही शोधून काढू नका. त्यांचे पप्पा एकदा बिनसले ना, की संपलं."

मी वचन दिलं. मनापासून दिलं हो!

ऐन वेळी उर्मिलाने मला पेढे आणायला पिटाळलं. परत आलो तेव्हा आतून बोलण्याचे आवाज येत होते, म्हणजे मंडळी आली होती. आणि दाराबाहेर एकच पुरुषी चप्पल. काळी, चकचकीत. म्हणजे जावईबापूंचीच!

मी नुसतं बघणार होतो. पण काय सांगू, हवेत अक्षरं दिसायला लागली! पेढ्यांचा बॉक्स बगलेत मारला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि जमिनीवर गुडघे टेकले.

समोरच्या भाभी दार उघडून बघतच राहिल्या. "भाईसाब, कुछ गिर गया क्या?"

"नहीं भाभी, कुछ मिल गया!"

वरून चप्पल झकपक, पण तळ सगळं बोलत होता. डावी टाच पार झिजलेली, बाकी तळ कोरा. शिवणीत बेसनाचा वाळका चुरा. आणि तेल! थरावर थर! असल्या माणसाच्या गळ्यात माझी पोर बांधायची?

आत गेलो. नमस्कार-चमत्कार झाले. नीरज गरीब गायीसारखा बसला होता. शेजारी त्याची आई शुभदाताई आणि ताठ बसलेले वडील.

"काय हो नीरज, सकाळी फिरायला जाता?"

"हो काका, रोज."

"खोटं!"

क्षितिजाने डोळे मिटले. मी मात्र नव्या मालिकेच्या स्पीडने सुटलो. "डावी टाच झिजलीय, म्हणजे हा माणूस चालत नाही, एका अंगावर रेलून उभा राहतो! कुठे? वड्याच्या गाडीवर! बेसन सापडलंय! वरून पॉलिश, आतून तेल! आज वडा लपवतोय, उद्या काय लपवेल?"

नीरजचे वडील ताडकन उठले. "शुभदा, चल. पोराचा अपमान करायला बोलावलंय काय?"

क्षितिजाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पण पुराव्यापुढे मी तरी काय करणार!

"भाऊ, बसा जरा," उर्मिला शांतपणे म्हणाली. "अहो, ती चप्पल आणा बघू आत."

मी पेपरवर ठेवून आणली, पुरावा म्हणून.

"गाडीवर जातो, हे नक्की?"

"शंभर टक्के!"

"एखाद वेळी?"

"रोज! थर बघ ना तेलाचे!"

"मग घरी काय सांगत असेल हो हा माणूस?"

"सांगणार काय? फिरायला जातो म्हणून सांगत असेल! कोलेस्टेरॉल वाढलं असेल, डॉक्टरने चालायला सांगितलं असेल, आणि हा बायकोच्या डोळ्यांत धूळ..."

बोलता बोलता मला तो वर्णन केलेला माणूस फार ओळखीचा वाटायला लागला.

"पाहुण्यांचे जोडे मी बाल्कनीत ठेवलेत," उर्मिला म्हणाली. "बिल्डिंगमधून चोरीला जातात म्हणून. ही चप्पल तुमची. टाकून दे म्हणाला होतात ना? काल मोच्याकडून पट्टे बदलून, रंग मारून आणली. कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. पडली!"

मी चप्पल पेपरात गुंडाळायला लागलो. मग शुभदाताई खुदकन हसल्या आणि पदर सावरत उठल्या.

"उर्मिलाताई, बाल्कनी कुठेशी म्हणालात? आमचे हेपण रोज फिरायला जातात."

नीरजच्या वडिलांचा चेहरा पडला. "अगं, बस बस! चांगल्या कामात जोडे कशाला? मुलगी पसंत आहे आम्हाला! पेढे द्या, पंढरीनाथराव, पेढे द्या लवकर!"

पेढे मीच वाटले. मला मिळाला नाही.

आता उर्मिला रात्री तिची घोडागाडीवाली मालिका लावते आणि सकाळी माझे बूट उलटे करून बघते. म्हणून हल्ली मी वड्याच्या गाडीवर जाताना बूट स्कूटरच्या डिकीत ठेवतो आणि अनवाणी जातो. कुठल्या मालिकेत नसेल अशी शक्कल!

फक्त काल घरात शिरलो, तर ती दारात टॉवेल घेऊन उभी होती. म्हणाली, "या. पाय वर करा बघू."